रबाडाला एक महिना, पृथ्वी शॉला आठ : नशा आणि डोपिंग यांत फरक काय?

२०२५ च्या आयपीएलमध्ये गुजरात टायटन्सकडून दोन सामने खेळून कागिसो रबाडा अचानक मायदेशी परतला. खरं कारण महिन्याभरानं बाहेर आलं. जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या एसए२० लीगदरम्यान त्यानं दिलेल्या नमुन्यात मौजेखातर घेतला जाणारा अमली पदार्थ सापडला होता. नाशकात कॉलेज रोडच्या कट्ट्यांपासून गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी पळायला येणाऱ्यांपर्यंत एकच वाक्य फिरत होतं : रबाडा डोपिंगमध्ये सापडला. त्यामागोमाग प्रश्न यायचा, की त्याला एकच महिना आणि आपल्या पृथ्वी शॉला २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधापायी आठ महिने, हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे. फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्यात.

डोपिंग म्हणजे जास्त जोरात पळायला, जास्त वजन उचलायला, दुखापतीतून लवकर उठायला घेतलेला पदार्थ किंवा वापरलेली पद्धत. स्टेरॉइड, ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध), ग्रोथ हार्मोन हे त्यातले ठरलेले गडी. त्यांचं लक्ष्य मैदान असतं. गांजाचा कश, पार्टीतलं कोकेन, रेव्हमधली गोळी यांचं लक्ष्य मैदानाबाहेर असतं : मजा, विसर, मित्रांची सोबत, कधी दुःखावरचा उतारा. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत दोन्ही आहेत आणि दोन्ही लघवीच्या नमुन्याच्या एकाच बाटलीत सापडतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एकाच माणसात दोन्ही पाहायचं असेल तर मॅराडोना. मार्च १९९१ मध्ये नेपोलीकडून खेळताना त्याच्या नमुन्यात कोकेन मिळालं आणि पंधरा महिन्यांची बंदी आली. १९९४ च्या विश्वचषकात नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर एफेड्रिन सापडलं. पुन्हा पंधरा महिने. कोकेननं त्याला चांगला फुटबॉलपटू केलं असं कुणीच म्हणणार नाही, त्यानं त्याचं वाटोळंच केलं. एफेड्रिन मात्र दम वाढवणारं, भूक मारणारं उत्तेजक. तेव्हाच्या शिक्षेला हा फरक दिसला नाही, दोन्हींना एकच माप लागलं. टेनिसमध्ये मार्टिना हिंगिसला २००७ च्या विम्बल्डनमधल्या चाचणीत कोकेनचा अंश सापडल्यावर दोन वर्षांची बंदी झाली. आपण घेतलंच नाही असं ती सांगत राहिली, आणि बंदी जाहीर होण्याआधीच तिनं निवृत्ती घेतली.

हे माप बदललं वाडाच्या २०२१ च्या नियमसंहितेत. कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजातलं टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) एवढ्या चार पदार्थांचा वेगळा गट केला गेला. खेळाडूनं दोन गोष्टी सिद्ध केल्या, की पदार्थ स्पर्धेच्या काळाबाहेर घेतला आणि त्याचा कामगिरीशी संबंध नव्हता, तर बंदी तीन महिने. मान्यताप्राप्त उपचार किंवा समुपदेशन पूर्ण केलं तर एक महिना. रबाडाला हाच हिशेब लागू झाला. शॉच्या सिरपमधलं टर्ब्युटलिन या चौघांत नाही. ते श्वासनलिका मोकळी करणारं औषध आहे आणि ते घ्यायला वर्षभर, स्पर्धा असो वा नसो, मनाई आहे. ते चुकून पोटात गेलं हे क्रिकेट मंडळानं मान्य केलं, म्हणून तर आठ महिन्यांवर भागलं. मैदानाशी संबंध असू शकणारं औषध कडक मोजायचं आणि मैदानाशी संबंध नसलेली नशा सौम्य, असं हे गणित आहे. मला ते मुळात पटतं. ज्याला पटत नाही त्यानं नरसिंग यादवचं प्रकरण आठवावं : तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकपर्यंत पोचला, आणि मिथँडिनोन या स्टेरॉइडपायी कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादानं चार वर्षं घरी बसवला. जेवणात कुणीतरी मिसळलं, हे त्याचं म्हणणं लवादाच्या गळी उतरलं नाही.

कधी घेतलं, यावर सगळं

स्टेरॉइड वर्षभर बंद. दिवाळीच्या सुट्टीत नमुना घेतला तरी सापडलं की गेलात. कोकेन, गांजा, एमडीएमए फक्त स्पर्धाकाळात बंद. हा स्पर्धाकाळ साधारणपणे आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो आणि स्पर्धा व नमुना घेण्याचं काम आटोपलं की संपतो. कागदावर सुटसुटीत, पण शरीर घड्याळ पाहत नाही. कोकेनचा अंश लघवीत दोन-चार दिवस राहतो. रोज गांजा ओढणाऱ्याच्या अंगात टीएचसीचा अंश आठवडेच्या आठवडे चरबीत मुरलेला असतो आणि हळूहळू बाहेर पडतो. म्हणून गुरुवारची पार्टी शनिवारच्या बाटलीत उतरते.

बाटली भरण्याचा प्रकारही सांगतो, कारण तो न पाहिलेली माणसं 'सेटिंग होतं' असं बिनधास्त बोलतात. शर्यत संपली की एक माणूस खेळाडूच्या मागे लागतो आणि नमुना होईपर्यंत त्याला नजरेआड होऊ देत नाही. सीलबंद भांड्यांतलं एक खेळाडूनं स्वतः निवडायचं. बाह्या कोपरापर्यंत, बनियन छातीपर्यंत, पँट गुडघ्यापर्यंत, आणि समोर त्याच लिंगाचा अधिकारी उभा. किमान ९० मिली लागतं. दहा हजार मीटर पळून घामानं निथळलेल्या पोराला तेवढं व्हायला दोन तासही लागतात. मग ते ए आणि बी अशा दोन काचेच्या बाटल्यांत त्यानंच ओतायचं आणि झाकण कट्-कट् वाजेस्तोवर त्यानंच फिरवायचं. बाटलीवर नाव नाही, फक्त क्रमांक. प्रयोगशाळेला पदार्थ कोणता ते कळतं, तो का घेतला ते कळत नाही. ते पटवून देण्याचं ओझं खेळाडूवर.

गांजाची मर्यादा २०१३ मध्ये १५ वरून १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर नेली, ती याच कारणानं : आदल्या आठवड्यातला कश उगाच पकडला जाऊ नये. तरी अमेरिकेची धावपटू शकॅरी रिचर्डसन सापडलीच. २०२१ च्या निवड चाचणीत ती शंभर मीटर जिंकली. त्याच दिवसांत आईच्या निधनाची बातमी कळली होती, त्या भरात तिनं गांजा ओढला, तोही तो कायदेशीर असलेल्या ओरेगन राज्यात. बंदी एकच महिना, पण त्यात टोकियो ऑलिंपिकची शर्यत गेली. गांजानं कुणी शंभर मीटर जोरात पळतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. वाडानं मात्र २०२२ मध्ये फेरविचार करून गांजा यादीत ठेवलाच. खेळभावना आणि तब्येत ही त्यांची कारणं. माझ्या मते तो काढायला हवा होता.

नाशिककरांनी इथं एक ध्यानात ठेवावं. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरी किंवा रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारण्याआधी कुणी भांगेची थंडाई पुढे केली, तर भांगेची पानं अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, हे खरं. बाटलीला त्याच्याशी घेणं नाही. पानातही टीएचसीच असतं. वाइनचं उलटं : आपल्याकडे द्राक्षाची वाइन एवढी होते, आणि वाडाच्या यादीत दारू २०१८ पासून कुठल्याच खेळासाठी उरलेली नाही.

एमडी आणि एमडीएमए

हा भाग नाशिकसाठी सगळ्यात महत्त्वाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला. कोट्यवधींचा माल निघाला आणि शहर हादरलं. तेव्हापासून 'एमडी' हा शब्द इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण बरेच जण एमडी आणि एमडीएमए एकच समजतात. एमडी म्हणजे मेफेड्रोन, कॅथिनोन या उत्तेजकांच्या कुळातलं. एमडीएमए म्हणजे एक्स्टसी. सवलतीच्या चौघांत एमडीएमए आहे, मेफेड्रोन नाही. मेफेड्रोन सरळ उत्तेजकांच्या गटात मोडतं. म्हणजे स्पर्धेच्या दोन दिवस आधी एकाच पार्टीत एकानं एक्स्टसीची गोळी खाल्ली आणि दुसऱ्यानं एमडीची भुकटी ओढली, तर पहिल्याची बंदी एका महिन्यावर येऊ शकते, दुसऱ्याची मोजणी दोन वर्षांपासून सुरू होते. 'सर, मी फक्त मजा म्हणून' हे दोघांचंही खरं असलं तरी. इथं नियम चुकीच्या ठिकाणी कडक आहे, कारण आपल्याकडच्या गल्लीत मिळतं ते एमडी. परदेशी पार्ट्यांत चालणाऱ्या नशेला सवलत आणि शिंदे गावात शिजणाऱ्या नशेला नाही.

आणखी एक पदार्थ नशा आणि डोपिंग या दोन खणांपैकी कुठल्याच खणात नीट बसत नाही : मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. शस्त्रक्रियेत रक्तदाब पडला तर भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. ते चोरून जिममध्ये आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये शिरलंय. पोलीस भरतीच्या १६०० मीटरला दम लागू नये म्हणून सुई टोचायची. सुरुवात शुद्ध डोपिंगची. काही महिन्यांनी भरती संपते, सुई सुटत नाही, मग ती नशा होते. नोंदणीकृत खेळाडूच्या नमुन्यात स्पर्धेच्या वेळी सापडलं तर चार वर्षांची टांगती तलवार. भरतीच्या ग्राउंडवर नाडाचा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचा, माणूस बाटली घेऊन उभा नसतो, त्यामुळे तिथं पकडतं ते हृदयच.

खेळाचं नुकसान कशानं जास्त?

डोपिंग दुसऱ्याचं पदक चोरतं. चौथ्या आलेल्या मुलीला तिसरा क्रमांक दोन-तीन वर्षांनी टपालानं मिळतो, तिरंगा वर जाण्याचा क्षण काही मिळत नाही. भारतापुरता हाच मोठा आजार आहे. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारतानं ५,६०६ नमुने तपासले आणि त्यांतले २१३ सदोष निघाले, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांहून जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत इतकं प्रमाण दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. त्यात स्टेरॉइडवाल्यांचा भरणा असतो, पार्टीवाल्यांचा नाही.

नशेनं समोरच्याचं पदक जात नाही, आपल्याच संघाचं जातं. क्रिकेटपटू ॲलेक्स हेल्स २०१९ च्या विश्वचषकाच्या तोंडावर इंग्लंडच्या संघातून बाहेर गेला. मंडळाच्या स्वतःच्या नशाविरोधी नियमाखाली बंदी फक्त २१ दिवसांची होती, ती संपलीही असती. पण ड्रेसिंग रूमचा विश्वास गेला होता. इंग्लंडनं तो चषक जिंकला, हेल्सशिवाय. रबाडाच्या बाबतीत उलटं झालं. जून २०२५ मध्ये तो लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात नऊ बळी घेऊन गेला, आणि कुणी त्याच्या बळींकडे संशयानं पाहिलं नाही. स्टेरॉइडवाल्याला ही मुभा जन्मात मिळत नाही.

जीव मात्र दोन्हीकडे जातो. सायकलपटू टॉम सिम्पसन १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर उन्हात कोसळून गेला, अंगात अँफेटामाइन होतं. बास्केटबॉलपटू लेन बायस जून १९८६ मध्ये बोस्टन सेल्टिक्सनं निवडल्यावर दोनच दिवसांत कोकेननं गेला. एकाला जिंकायचं होतं, दुसऱ्याला जिंकल्याची मजा करायची होती.

शेवटचा फरक कोर्टाचा. नाडाची कारवाई ही खेळातली शिक्षा आहे : बंदी, निकाल रद्द. स्टेरॉइडपायी खेळाडू तुरुंगात जात नाही. नशेचं तसं नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ खाली नुसतं सेवन हाही गुन्हा आहे, कोकेनसारख्या पदार्थाला एक वर्षापर्यंत कैद. मेफेड्रोनही २०१५ पासून याच कायद्याखाली येतं. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे : व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. नाडाची महिन्याभराची सवलतही उपचार पूर्ण केल्यावरच मिळते. त्यामुळे पोरगं घेतंय असा वास आला तर प्रशिक्षकानं त्याला पुढच्या स्पर्धेतून काढून थेट केंद्रात न्यावं, आणि ते नाडाचं पत्र येण्याआधी.