साप नसलेला सर्पमित्रांचा मेळावा

हिवाळ्यातला रविवार. खानदेशात, यावल तालुक्यातल्या एका शाळेचा व्हरांडा. मैदानाच्या कडेला कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला लागलेली. जमलेली चाळीसेक माणसं चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा ठिकाणांहून आलेली. कुणी वायरमन, कुणी रिक्षावाला, दोन शिक्षक, एक केळीचा व्यापारी. सगळे सर्पमित्र. आणि अख्ख्या दिवसात साप दिसेल तो फक्त मोबाइलच्या पडद्यावर. पहिल्यांदा आलेला एखादा पोरगा तासाभराने विचारतोच, "दादा, साप कधी काढणार?" म्हातारे सर्पमित्र हसतात. काढणार नाहीत.

युरोप-अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शौकिनांचे क्लब भरतात, तेव्हा लोक घरी पाळलेले अजगर आणि पाली डब्यांतून घेऊन येतात. कुणाच्या अजगराने किती अंडी दिली, कुणाची पाल कुठल्या रंगाची, यावर गप्पा रंगतात. आपल्याकडे देशी साप पाळणं हा गुन्हा आहे. पण मेळाव्यात साप नसण्याचं कारण नुसता कायदा नाही. त्यामागे पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात गारुड्यापासून होते.

खानदेशात सापाशी सगळ्यांचं नातं जुनं, पण ते लांबूनच. नागपंचमीला वारुळाला लाह्या वाहायच्या, त्या दिवशी शेत नांगरायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही. पुढच्या रविवारी खानदेशची कानबाई देवी बसली की नागोबा पुन्हा वर्षभर विसरायचा. साप हाताळणारा माणूस एकच, तो म्हणजे खांद्यावर करंड्या आणि हातात पुंगी घेऊन येणारा गारुडी. नागाचे विषाचे दात त्याने आधीच काढलेले असायचे. पंचमीला नाग 'दूध पितो' असं दिसावं म्हणून त्याला कित्येक दिवस तहानलेलं ठेवलं जायचं. चार पैसे नि पसाभर धान्य मिळालं की गारुडी पुढच्या गावी. त्याची विद्या त्याच्या घरातच राही. सापाची माहिती अशी एकमेकांना द्यायची असते, हे गावाला कधी दिसलंच नाही. साप चावला की भगत, आणि साप दिसला की काठी.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे त्याच्या अनुसूचींमध्ये सापही आले. 1976 मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली. गारुड्याचा खेळ बेकायदा ठरला. तो बरोबर ठरला असं मी म्हणेन, पण त्या माणसांच्या पोटाचा विचार फारसा कुणी केला नाही हेही खरं. तमिळनाडूत साप पकडून कातडी विकणाऱ्या इरुळा लोकांना 1978 मध्ये सहकारी संस्थेत आणलं गेलं आणि ते प्रतिविषासाठी सापाचं विष काढू लागले. आपल्या गारुड्यांच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

मग शहरांतल्या पोरांनी साप हातात घेतले. 1980 मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी 72 विषारी सापांबरोबर एका खोलीत 72 तास काढले आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. साप उगाच चावत नाही, हे दाखवण्यासाठी तो खटाटोप होता. 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. तिकडून साप पकडायला शिकून आलेले एक-दोघे हळूहळू जिल्ह्या-जिल्ह्यात दिसायला लागले. 'सर्पमित्र' हा शब्द अंगवळणी पडला तो याच काळात.

पण त्या हवेने एक दुखणंही आणलं. शाळेत, गणपतीच्या मंडळात, यात्रेत नाग काढून दाखवायचा, गळ्यात धामण घालायची, टाळ्या घ्यायच्या. पुंगी गेली, खेळ राहिला. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर तर विचारूच नका. नागाच्या फण्याला ओठ लावतानाचे फोटो, आणि मग काही दिवसांनी त्याच माणसाच्या निधनाची बातमी. आमच्या ओळखीतला एक चांगला हाताचा पोरगा असाच गेला. पकडताना नव्हे, पकडून झाल्यावर, लोकांना दाखवताना. त्याच्या दहाव्याला जे सात-आठ जण नदीवर जमले, त्यांच्यातच ठरलं, की यापुढे आपण जमायचं तेव्हा साप आणायचा नाही. माझ्या लेखी आमचा पहिला मेळावा तोच.

दुसरा नियम त्याच्या पाठोपाठ आला: कॉलला एकट्याने जायचं नाही. रात्री अकराला फोन येतो, "भाऊ, घरमा साप निंघना!" पकडणारा एक असतो, पण टॉर्च धरायला, गर्दी मागे हटवायला आणि वेळ आलीच तर गाडीवर घालून दवाखान्यात न्यायला दुसरा लागतो. या दुसऱ्याचा फोटो कधी छापून येत नाही. आमच्याकडे मात्र नवीन पोराला पहिलं वर्ष टॉर्चच धरावी लागते. निम्मे त्यातच गळतात. उरतात ते कामाचे.

टॉर्च धरूनच डोळा तयार होतो. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर टाकलेल्या असतात, त्या वेटोळ्यात दुसरं वेटोळं बसलेलं असतं ते ओळखायचं. केळीच्या बागेत ओल आणि उंदीर, म्हणून साप. भिंतीवर चढलेला पट्टेरी साप विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या, यावर तर दर मेळाव्याला फोटो फिरतात. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे उलट, मानेजवळ पुसट किंवा नसतातच, आणि मागे जोडीजोडीने उमटतात. पाठीच्या मधल्या रांगेतले खवलेही मोठे, षटकोनी. हे वाचून सोपं वाटतं. रात्री दोनला, आजूबाजूला वीस माणसं ओरडत असताना, मी स्वतः एकदा मण्यारीला कवड्या म्हणून हात घालणार होतो. मागून टॉर्चवाल्याने कॉलर ओढली.

मण्यारीचं भय खानदेशात जास्त. उन्हाळ्यात माणसं अंगणात, गच्चीवर, जमिनीवर झोपतात आणि ही रात्रीच फिरते. चावा दुखत नाही, सूज येत नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मेळाव्यात साप पकडण्यापेक्षा जास्त वेळ जातो तो कुठल्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे, रात्री डॉक्टर कोण असतात, व्हेंटिलेटर जवळ कुठे, या नोंदी ताज्या करण्यात. ही यादी हातोहात जाते. नवख्याला ती लगेच मिळत नाही. कारण मांडूळ. दोन तोंडांचा साप धनाचा म्हणून त्याची वजनावर किंमत लावणारे दलाल सर्पमित्र बनून येतात. नव्या माणसाने तिसऱ्या वाक्याला मांडुळाचं वजन विचारलं, की त्याला चहा पाजून वाटेला लावतात.

सरकारचं म्हणाल, तर शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून घरच्यांना 2 लाख मिळतात. त्याच शेतातला साप पकडताना वायरमन गेला आणि त्याच्या किंवा घरच्या कुणाच्या नावावर सातबारा नसेल, तर तो त्या योजनेत बसत नाही. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी सर्पमित्रांना ओळखपत्र आणि 10 लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. मेळाव्यात तेव्हापासून कागदपत्रांवरच निम्मी चर्चा.

मेळावा हिवाळ्यात का, तर थंडीत साप कमी निघतात आणि फोन शांत असतो. घोणस तेवढी ऐकत नाही. तिचा मिलनाचा हंगामच थंडीचा. यंदाही वांगी सोलून ठेचायला घेतली आणि फोन वाजला. कांद्याच्या चाळीत कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतोय म्हणे. शिरपूरवाले काका उठले, हुक आणि पाइप घेतला. त्यांच्या मागे सकाळी "साप कधी काढणार" विचारणारा पोरगा, हातात टॉर्च. भर दुपारी. "अंधार असतो रे चाळीत," कुणीतरी म्हणालं, आणि दोघांचं भरत केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवलं.