चालतंय ना? मग हात लावू नका!

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजात आमची गाडी लिफ्टवर चढवली होती. मिस्त्रींनी खालून नजर टाकली, हात पुसले आणि म्हणाले, “चालतंय ना साहेब? मग हात लावू नका. जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो. तीन गाड्या पाहिल्यात मी अशा.”

गाडी तेरा वर्षांची, चार गिअरची ऑटोमॅटिक, ९४ हजार किलोमीटर चाललेली. तक्रार एकच. गंगापूर रोडवर पन्नास-पंचावन्नच्या वेगानं, अ‍ॅक्सिलरेटरवर जेमतेम पाय ठेवून जाताना ती मध्येच थरथरायची, रस्त्यावर रम्बलर असल्यासारखी. दोन-तीन सेकंद, मग गप्प. पाय जरा दाबला की थरथर गायब. मला ऑइल बदलून हवं होतं आणि मिस्त्री बदलायला तयार नव्हते. त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच सल्ला, खाली हात जोडलेल्या इमोजींसह, फिरत आला. म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेल्या कुठल्याही गाडीला लोक ऑटोमॅटिक म्हणतात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबून गिअर टाकायचं काम तिथे यंत्र करतं. सीव्हीटीत पायऱ्यांचे गिअर नसतात, दोन पुली आणि पोलादी पट्टा असतो. त्या दोघींचं दुखणं वेगळं आणि ऑइलही वेगळं. मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल.

डेऱ्यात ताक घुसळताना डेरा नीट धरला नाही तर रवीबरोबर तोही गरगरायला लागतो. रवी आणि डेरा एकमेकांना शिवलेले नसतात, मधलं ताक ओढ पोचवतं. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच. इंजिन एक पंखा फिरवतं, तो ऑइल भिरकावतो, त्या ऑइलच्या माऱ्यानं समोरचा दुसरा पंखा फिरतो आणि चाकांकडे जोर जातो. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचा तिसरा पंखा असतो. परतणाऱ्या ऑइलची दिशा तो वळवतो, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होऊन मिळतो. जर्मन इंजिनिअर हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन वेगानं फिरतं आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, असा त्यांचा प्रश्न होता. मोटारीत ही कल्पना रुळायला पुढे चार दशकं लागली.

या सोयीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. इंजिन फिरतंय आणि गाडी उभी आहे, तेव्हा इंजिनानं कन्व्हर्टरला दिलेली सगळी शक्ती ऑइल तापवण्यात जाते. सिग्नलला डीमध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून उभं राहिलात तर ही रक्कम किरकोळ असते, घरातल्या इस्त्रीएवढी. सिग्नलगणिक न्यूट्रल आणि पुन्हा डी करत बसू नका. दर वेळी क्लच सुटतो आणि पुन्हा बसतो. द्वारका चौकात दहा मिनिटांची कोंडी असेल तेव्हा खुशाल न्यूट्रल करा.

खरी गंमत कसारा घाटात. मुंबईहून येताना चढावर वाहतूक तुंबते, पुढचा ट्रक इंच इंच सरकतो, आणि आपल्यातले बरेच जण ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. मागे घसरू नये एवढाच रेस. फार सोपं वाटतं ते. आता हिशेब करू. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतंय आणि ६० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय असं धरा. दोन्हींचा गुणाकार केला, फेऱ्यांचं रेडियनमध्ये रूपांतर केलं, की येतात सुमारे ९.४ किलोवॅट. म्हणजे अंघोळीचे चार-पाच गिझर एकदम चालू. गिअरबॉक्समध्ये सहा लिटर ऑइल म्हणजे साधारण पाच किलो. त्याची विशिष्ट उष्णता किलोला, अंशाला सुमारे २ किलोज्यूल. थोडक्यात दर सेकंदाला जवळपास एक अंश! अर्ध्या मिनिटात २५ अंशांहून जास्त. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचं लोखंड आणि कूलर थोडी उष्णता खातात, पण कन्व्हर्टरच्या आत अडकलेलं ऑइल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तापतं. एप्रिलच्या दुपारी, चाळिशीच्या हवेत, एसी लावून हे चाललेलं असतं.

या ऑइलचं नेहमीचं तापमान ८०-९० अंश. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो. ८० चे ११० झाले तर दोनाचा घन, आठपट. तेव्हा घाटात ब्रेकनं थांबा आणि पुढे जागा झाली की मगच पाय हलवा.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. थोडं खोल पाणी आहे. कंटाळलात तर थेट मिस्त्रींच्या तीन गाड्यांवर उडी मारा.

ऑटोमॅटिकच्या आत गिअर बदलतात ते ओल्या क्लचच्या जोरावर. पोलादी चकत्या आणि अस्तर लावलेल्या चकत्या, एकाआड एक, भाकऱ्यांच्या चळतीसारख्या, सगळ्या ऑइलात बुडालेल्या. ऑइलच्या दाबानं चळत आवळली की चकत्या एकत्र फिरतात, दाब सोडला की सुट्या. अस्तर चक्क कागदाच्या जातीचं असतं: सेल्युलोजचे आणि इतर तंतू, त्यांना धरून ठेवणारं रेझिन. जाडी मिलिमीटरभरही नसते. असाच एक क्लच कन्व्हर्टरच्या आत असतो. एका लयीत चालताना तो रवी आणि डेऱ्याला एकत्र जखडतो, म्हणजे घुसळण थांबते आणि पेट्रोल वाचतं. त्याला लॉक-अप म्हणतात.

ऑइलची पंचाईत बघा. गिअरच्या दातांना आणि बेअरिंगना ते निसरडं हवं. चकत्यांना मात्र त्याच ऑइलात राहून एकमेकींना घट्ट धरायचंय, आणि धरताना हिसका द्यायचा नाही. एकाच पदार्थाकडून निसरडेपणाही हवा आणि पकडही हवी! हे साधतं घर्षण सुधारणाऱ्या खास रेणूंमुळे. एकेकाळी त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं या देवमाशाला कायद्याचं संरक्षण दिलं आणि तेलवाल्या रसायनतज्ज्ञांची धांदल उडाली. देवमाशाच्या तेलाला पर्याय म्हणून वाळवंटातल्या होहोबाच्या बियांचं द्रवरूप मेणही पुढे आलं.

हे रेणू नेमकं काय करतात? जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याचं दार आठवा. हळू उघडलं तर करकरतं, झटक्यात उघडलं तर मुकाट उघडतं. कारण बिजागरीत स्थिर असतानाचं घर्षण घसरतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. पृष्ठभाग अडकतात, ताण साठतो, सुटतात. सुटल्यावर घर्षण कमी झाल्यामुळे गरजेपेक्षा पुढे धावतात, वेग मंदावतो, पुन्हा अडकतात. सेकंदाला कित्येकदा. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो; राळ लावायची ती ही अडक-सुटक नीट व्हावी म्हणूनच. व्हायोलिनला जे हवं तेच क्लचला नको. क्लचमध्ये वेग शून्याकडे जाताना घर्षण वाढायला नको, उलट किंचित उतरायला हवं. घर्षण आणि वेग यांचा आलेख काढला तर तो डावीकडून उजवीकडे हलका चढता हवा. चढत्या आलेखात प्रत्येक थरथरीला ब्रेक लागतो, तिची ऊर्जा शोषली जाते. आलेख उतरता झाला की अवमंदन (थरथर शमवणारा विरोध) ऋण होतं: थरथर स्वतःलाच ऊर्जा पुरवते आणि वाढत जाते.

आलेख चढता ठेवतात हे रेणू. त्यांचं डोकं ध्रुवीय, ते पोलादाला चिकटतं. शेपटी तेलकट, ती बाहेर उभी राहते. हिरवळीसारखा एक थर तयार होतो. चकत्या सावकाश घसरत असताना भार या हिरवळीवर पडतो आणि घर्षण कमी राहतं. वेग वाढला की थराचा प्रभाव ओसरतो आणि घर्षण किंचित चढतं. हेच रेणू उष्णतेनं मोडतात. शिवाय ऑक्सिडेशनचा चिकटा कागदी अस्तराच्या छिद्रांत बसतो आणि अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं. आलेख उलटा फिरतो आणि पन्नासच्या वेगाला, लॉक-अपचा क्लच अर्धवट घसरत असताना, वाड्याचं दार करकरायला लागतं. पाय दाबला की लॉक-अप सुटतो, म्हणून थरथर थांबते. माझ्या गाडीला झालं होतं ते एवढंच.

आता मिस्त्रींच्या तीन गाड्या. ऑटोमॅटिकचं ऑइल लोक कधी बदलतात? गिअर घसरायला लागल्यावर, म्हणजे अस्तर आधीच संपल्यावर. संपलेलं अस्तर नव्या ऑइलनं उगवत नाही. बॉक्स महिनाभरात बसतो आणि दोष ऑइलला लागतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दुसरी शक्यता मशीन लावून दाबानं फ्लश केल्याची. तसं केल्यावर वर्षानुवर्षांचा गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल कुठल्या क्लचकडे जाणार ते ठरवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. हा दोष पद्धतीचा झाला. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावरही फार विसंबू नका. लाइफटाइम कुणाचं, ते लिहिलेलं नसतं. गाडीच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता बहुधा सापडतो. घाट, उकाडा आणि धरसोड चालणारी वाहतूक त्यात मोडते, म्हणजे नाशिकचा बहुतेक वापर मोडतो.

काउंटरवर एक बाटलीही दिसली, ‘गिअरबॉक्सला नवजीवन’ असं काहीतरी लिहिलेली, आत काय आहे याचा पत्ता नाही. आमच्या बंपरखाली लिंबू-मिरची लटकते (आईची हौस, माझा नाइलाज). दोन्हींत फरक एवढाच की लिंबू-मिरची ऑइलात कुणी ओतत नाही. नेमक्या तोललेल्या रेणूंत अनोळखी रसायन टाकणं म्हणजे घडीच्या पोळीवर केरोसीन. पुस्तकात ज्या प्रतीचं ऑइल लिहिलंय तेच घाला, महागडं दुसरं नको.

आम्ही ठरवलं ते असं. गिअरबॉक्सच्या तळाचा नट उघडायचा, आपोआप निघेल तेवढं ऑइल काढायचं, तेवढंच नवं घालायचं. एका वेळी साधारण ४० टक्केच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. पण हजारेक किलोमीटरच्या अंतरानं तीनदा केलं की जुनं उरतं ०.६ चा घन, म्हणजे जेमतेम २२ टक्के. गाळ हळूहळू निघतो, क्लचलाही एकदम धक्का नाही. पातळी मात्र पुस्तकात दिलेल्या तापमानालाच बघायची. थंड आणि गरम ऑइलच्या आकारमानात बराच फरक पडतो.

रेडिएटरचं झाकण उघडल्यावर मिस्त्री पहिल्यांदा गंभीर झाले. बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्याच पोटात असतो. मी दोन उन्हाळे त्यात बोअरचं पाणी ओतत होतो, कारण बादली हाताशी होती. बोअरचं जड पाणी आतून क्षार बसवतं आणि धातू खातं. मधली भिंत फुटली की पाणी ऑइलात शिरतं आणि गिअरबॉक्समधून गुलाबी मिल्कशेक निघतं. तेव्हा कागदी अस्तर सुटायला वेळ लागत नाही. आमची भिंत वाचली. आता कूलंटच.

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढू नका. गिअरबॉक्समधला ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले गिअर कोरडे. इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती जमिनीवरून उचलूनच न्यायची.

पहिल्या खेपेला निघालेल्या ऑइलचे दोन थेंब मिस्त्रींनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर टाकले. नवं ऑइल असतं लाल, गळती ओळखू यावी म्हणून मुद्दाम रंगवलेलं. हे चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी, मध्ये काळा ठिपका आणि करपलेल्या फोडणीचा वास. दुसऱ्या खेपेला ठिपका फिका झाला. तिसरी परवा झाली. गंगापूर रोडची थरथर दुसऱ्या खेपेनंतरच थांबली होती. मिस्त्री दर वेळी म्हणत राहिले, “बघा हां साहेब, मी सांगितलं होतं.”

रिव्हर्समध्ये टाकताना बसणारा धक्का तेवढा राहिलाय. तो ऑइलचा नाही, इंजिनाच्या फाउंडेशनचं रबर गेलंय, असं ते म्हणतात. मी खाली वाकून बघितलं. रबराला बोट जाईल एवढी चीर आहे.