पाचशे एक किलोंच्या वादाची पार्श्वभूमी

२ मे २०२० रोजी, टाळेबंदीमुळे स्पर्धा बंद पडलेल्या असताना, आइसलँडचा बलवान हाफ्थोर ब्यॉर्नसन याने आइसलँडमधील स्वतःच्या व्यायामशाळेत ५०१ किलोंची डेडलिफ्ट मारली, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून तो सरळ उभा राहिला, आणि ब्रिटनच्या एडी हॉलने जुलै २०१६ मध्ये लीड्सच्या स्पर्धेत केलेला ५०० किलोंचा विक्रम एका किलोने मागे टाकला. वजनात खोट नव्हती. बारला लावायच्या वजनाच्या चकत्या, म्हणजे प्लेटा, तोलून घेतल्या होत्या, पंच म्हणून माग्नुस वेर माग्नुसन यांच्यासारखा बलवानांच्या जागतिक स्पर्धेचा जुना विजेता उभा होता आणि प्रक्षेपणही थेट होते. तरीही विक्रम स्पर्धेतच व्हायला हवा, अशी हरकत हॉलने घेतली.

या हरकतीमागे मोठा इतिहास आहे. १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल ॲक्वेरियममध्ये सॅम्सन नावाचा पहिलवान आपली बरोबरी करणाऱ्याला ५०० पौंडांचे इनाम जाहीर करीत असे. युजेन सँडोने भर रंगमंचावर ते आव्हान स्वीकारून त्याला हरवले आणि तिथूनच त्याचे नाव झाले. मात्र रंगमंचावरच्या गोळ्यांचे वजन कोणी तोलायचे, हा प्रश्न उरलाच. तराजू, पंच आणि नियम यांनी तो हळूहळू सोडवला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या स्पर्धांत तीन पंच असतात आणि किमान दोघांचे पांढरे, म्हणजे होकाराचे, दिवे लागले तरच प्रयत्न ग्राह्य धरला जातो. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन मारायच्या बैठकीत, खेळाडू पुरेसा खाली बसला नाही, तर बारवर कितीही वजन असले तरी ते हिशेबात येत नाही.

मोबाइलच्या पडद्यावर हे तिन्ही पंच नसतात. इन्स्टाग्रामवर २०१३ मध्ये १५ सेकंदांचे व्हिडिओ आले आणि दहा प्रयत्नांतला जमलेला एकच दाखवण्याची सोय झाली; कॅमेरा समोरून, थोडा खालून धरला की अर्धवट स्क्वॉटही पूर्ण वाटतो. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या प्लेटाही मिळतात. म्हणून जाणकार आधी बारकडे पाहतात: साडेतीनशे किलोंच्या डेडलिफ्टमध्ये प्लेटा जमीन सोडण्यापूर्वी बार मध्यभागी वर ताणला जातो आणि टोके मागे राहतात, तो सरळच वर आला, तर शंका घेणे रास्त आहे. याच माध्यमामुळे प्रशिक्षक नसलेल्या गावातल्या मुलामुलींना योग्य तंत्र पाहायला मिळाले, हे मी मनापासून मान्य करतो. पण अनुयायांची संख्या पाहून कुणाला बलवान ठरवणे, हा वर्षानुवर्षे पंचांसमोर उभे राहणाऱ्यांवर अन्याय आहे.

ब्यॉर्नसनने सप्टेंबर २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला ५१० किलो उचलले, ते मात्र स्पर्धेत, प्रतिस्पर्ध्यांच्या आणि भरलेल्या सभागृहाच्या देखत.