पुकारा झाला आणि अपीलकर्ता हजर नसेल तर? आयकर न्यायाधिकरणाच्या नियम २४ ची पार्श्वभूमी

आयकराच्या वादांतली अपिले ऐकणारे आयकर अपील न्यायाधिकरण २५ जानेवारी १९४१ रोजी सुरू झाले. देशातले हे सर्वांत जुने न्यायाधिकरण, मुख्यालय मुंबईत. आपली कार्यपद्धती आपणच ठरवण्याचा अधिकार त्याला कायद्यानेच आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात तो कलम २५५(५) मध्ये येतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवेचे वाद ऐकणाऱ्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे तसे नाही. त्याचे १९८७ चे नियम केंद्र सरकारने केले आणि असे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात.

स्वतःचे नियम करण्याची मुभा कुठवर जाते, हे नियम २४ मुळे स्पष्ट झाले. १९४६ च्या नियमावलीत तरतूद होती, की सुनावणीच्या दिवशी अपीलकर्ता आला नाही, तर न्यायाधिकरण केवळ गैरहजेरीबद्दल अपील काढून टाकू शकते. दिवाणी कोर्टात वावरणाऱ्याला यात वावगे वाटणार नाही. पण करदात्यासाठी वस्तुस्थितीचा अंतिम निवाडा इथेच होत असे. पुढे उच्च न्यायालयात जायचे तर न्यायाधिकरणाच्या आदेशातून उद्भवणारा कायद्याचा मुद्दा हवा. गैरहजेरीच्या एका ओळीतून असा मुद्दा निघणार कुठून? म्हणजे चुकलेल्या एका तारखेने वरचे दारही बंद.

हा नियम मद्रास उच्च न्यायालयाने अवैध ठरवला आणि १९६९ मध्ये चेन्नियप्पा मुदलियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कायदा अपिलावर निर्णय द्या म्हणतो, तेव्हा तो गुणदोषांवरच द्यायला हवा. नियम कायद्याला ओलांडू शकत नाही. माझ्या मते न्यायाधिकरणांच्या कार्यपद्धतीवर याहून मोलाचे निकाल थोडेच असतील. आजच्या नियम २४ नुसार अपीलकर्ता नसला, तरी प्रतिवादीला ऐकून निकाल गुणदोषांवरच द्यायचा. न येण्याचे सबळ कारण नंतर दाखवले, तर तो एकतर्फी आदेश रद्द करून अपील पुन्हा चालते.

आदेश किती दिवसांत द्यायचा हे सांगणाऱ्या नियम ३४ लाही असाच न्यायालयीन संदर्भ आहे. सुनावणी संपून चार महिने उलटल्यावर आलेला एक आदेश मुंबई उच्च न्यायालयाने शिवसागर व्हेज रेस्टॉरंट प्रकरणात रद्द केला आणि निकालांच्या मुदतीबाबत मार्गदर्शक सूचना आखायला न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांना सांगितले. आता आदेश साठ दिवसांत द्यायचा, अपवादात्मक परिस्थितीत साधारणतः आणखी तीस. मे २०२० मध्ये टाळेबंदीचे दिवस या नव्वदांतून वगळताना मुंबई खंडपीठाने याच ‘साधारणतः’ शब्दाचा आधार घेतला.