स्केटिंगमधला गुडघा आणि माकडहाड : मागची गोष्ट

पोराला स्केटिंगच्या क्लासला घातलं की पहिल्याच आठवड्यात दुकानदार एक जाळीची पिशवी हातात ठेवतो. आत दोन गुडघ्याचे पॅड, दोन कोपराचे, दोन मनगटाचे आणि वर हेल्मेट. आता त्याच पोराला पहिल्या महिन्यात पडताना बघा. निम्म्या वेळा ते पुढे गुडघ्यावर पडतं आणि निम्म्या वेळा पाय पुढे सटकून धप्पकन मागे बसतं. त्या मागे बसण्यासाठी पिशवीत काहीच नाही. हे दुकानदाराच्या डोक्यातून निघालेलं नाही, ही पिशवी अमेरिकेत भरली गेली आणि जशीच्या तशी आपल्याकडे आली.

चाकांचे बूट तसे अठराव्या शतकापासूनचे, आणि १८६३ साली न्यूयॉर्कमध्ये वळू शकणारे चार चाकी स्केट्स आले, ज्यांना आज आपण क्वाड म्हणतो. पुढे रिंक झाल्या, १९७९च्या आसपास रोलर डिस्कोची लाट आली आणि गेली, लोक पडत होते, उठत होते, पॅडबिड बहुतेकांना माहीतच नव्हतं. तो सगळा काळ मी सोडून देतो, कारण गुडघ्याच्या पॅडचा खरा इतिहास स्केटिंगमध्ये नाहीच, तो स्केटबोर्डमध्ये आहे.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची चाकं आली, पकड एकदम वाढली, आणि दुष्काळामुळे रिकाम्या पडलेल्या स्विमिंग पूलमध्ये पोरं बोर्ड घेऊन उतरायला लागली. उभ्या भिंतीवरून पडलं तर थांबायचं कसं? तर दोन्ही गुडघे टेकून घसरत खाली यायचं. त्यासाठी व्हॉलीबॉलवाल्यांचं मऊ पॅड चालेना, ते अडकायचं, मग वर कडक प्लास्टिकची वाटी बसवलेलं पॅड आलं. म्हणजे ती प्लास्टिकची वाटी मुळात *घसरण्यासाठी* आहे. दणका थोडाफार आतला फोम खातो, पण वाटीचं काम घसरायचं. हे आपल्याकडे क्लासमध्ये कुणी सांगतच नाही. पोरगं गुडघ्यावर धाडकन आपटतं आणि तिथेच थांबतं, आणि आई म्हणते पॅड होतं तरी कसं लागलं. लागणारच! पॅड घालून पडायला शिकवलंच नाही तर पॅड अर्धंच काम करणार.

मग १९८०च्या दशकात अमेरिकेत मिनियापोलिसकडे आइस हॉकीवाल्यांनी उन्हाळ्यातल्या सरावासाठी एका रांगेत चाकं असलेले इनलाइन स्केट्स बाजारात आणले, आणि नव्वदीत त्याचा असा काही स्फोट झाला की हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात मनगटं मोडलेल्यांची रांग लागली. तेव्हा तिथे एक अभ्यास झाला, तो १९९६ साली छापून आला आणि आजही त्याचाच दाखला देतात. इमर्जन्सीत आलेल्या सुमारे १६० जखमी स्केटर्सना विचारलं की काय काय घातलं होतं. मनगटाचं गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीचा धोका दहापट निघाला, कोपराचा साधारण साडेनऊपट. गुडघ्याचा आकडा मात्र दुपटीच्या आसपास आला आणि तोही इतका ढिला की त्यावरून ठाम काही म्हणता येईना. आणि माकडहाड? ते त्या तुलनेत नव्हतंच. कसं असणार, त्याचं पॅड कुणी घालतच नव्हतं, मग घातलेले आणि न घातलेले अशी तुलना करणार कशी. पिशवी तिथेच ठरली. ज्याचं मोजमाप झालं ते पिशवीत आलं, गुडघ्याचं पॅड सवयीने आलं, आणि बाकीचं बाहेर राहिलं.

आता थोडं त्या शब्दाबद्दल, कारण मला वाटतं निम्मा घोळ तिथेच आहे.

माकडहाड म्हणजे नक्की काय? आपल्या बोलण्यात कमरेच्या खालून बसण्याच्या जागेपर्यंत कुठेही लागलं की "माकडहाडाला लागलं". पण तिथे निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वरती त्रिकास्थी, पाच मणके जुळून झालेलं मोठं त्रिकोणी हाड. त्याच्या टोकाला खरं माकडहाड, म्हणजे टेलबोन, साधारण चार छोटे मणके, करंगळीच्या टोकाएवढं काहीतरी, आत वळलेलं. आणि दोन्ही बाजूंना बसायची हाडं, ज्यावर आपण खुर्चीत टेकतो. पोरगं सरळ मागे बसलं तर टेलबोनला लागतं, एका कुशीवर बसलं तर बसायच्या हाडाला, आणि पाठ टेकत पडलं तर वरच्या त्रिकास्थीला. तिन्हीला नाव एकच आणि उपायही एकच, घरी गरम तेल चोळणं. डॉक्टरकडे गेल्यावर "इथे दुखतं" म्हणून लाजत लाजत कुठेतरी हात दाखवला जातो आणि कमरेचा एक्सरे निघतो, त्यात टेलबोन नीट येतही नाही.

डॉक्टरांच्या भाषेतही काही सरळ नाहीये. तिकडचं कॉक्सिक्स हे नाव ग्रीकमधल्या कोकिळेच्या जातीच्या पक्ष्यावरून आलंय, हाडाचा आकार त्याच्या चोचीसारखा दिसतो म्हणून. (त्यांना पक्षी दिसला, आपल्याला माकड, आपलं जास्त पटतं खरं तर.) १८५९च्या सुमारास एडिंबरामधल्या एका डॉक्टरने त्यावरून कॉक्सिडायनिया हा शब्द रूढ केला. त्याचा अर्थ फक्त "माकडहाड दुखतंय". म्हणजे पेशंट जे सांगत आला तेच ग्रीकमध्ये लिहून परत दिलं! पण फाइलवर तो शब्द आला की घरच्यांना वाटतं रोग सापडला. हाड मोडलंय, सांधा सरकलाय, नुसता मुका मार आहे की दुखणं वरच्या मणक्यातून येतंय, यातलं काहीच त्या शब्दात नाही.

आणि या गोंधळाची किंमत लोकांनी मोजलीये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंबरदुखी म्हटली की माकडहाडच काढून टाकायची लाट आली होती, कुणाचंही, कशासाठीही. अर्थातच बऱ्याच जणांना काही फरक पडला नाही. १९३४ साली डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, सरकून नस दाबली जाते हे नीट मांडलं गेलं, सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं, आणि माकडहाडाचं ऑपरेशन बदनाम झालं ते झालंच. त्यानंतर काही दशकं हे दुखणं "डोक्यातलं" ठरवून टाकायची पद्धत होती, त्यात पेशंट बायकाच जास्त, मग काय विचारता. आपल्याकडे अजूनही "नाटकं करतेय, सरांचा मार नको म्हणून" हे वाक्य ट्रॅकवर ऐकू येतं, ते काही आभाळातून पडलेलं नाही.

गाडी पुढे सरकली ती १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये. कल्पना इतकी साधी की हसू येतं. दुखतं बसल्यावर, मग एक्सरे झोपवून का काढायचा? एक उभ्याने काढा, एक दुखेल तसं बसवून काढा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. त्यात कुणाचं माकडहाड बसल्यावर जागेवरून मागे सरकताना दिसलं, कुणाचं २५ अंशांपेक्षा जास्त वाकताना. झोपवून काढलेल्या एक्सरेवर हीच माणसं "नॉर्मल" होती. हे समजून तीस वर्षं होऊन गेली तरी बसून एक्सरे हवाय म्हटलं की एक्सरेवाला आपल्याकडे वेड्यासारखं बघतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

असो. स्केट्सकडे येऊ.

ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना ते लोखंडी पट्टीचे स्केट्स आठवत असतील, बुटावरूनच पट्ट्याने बांधायचे, चावीने लांबी कमीजास्त करायची, आणि धाकट्या भावाला तेच. मग बूटवाले क्वाड आले, पुढे रबरी स्टॉपर. हा स्टॉपर टाचेमागे नसतो, बोटांपुढे असतो, म्हणून थांबताना वजन पुढे येतं आणि चुकलं तर पडणंही बहुतेक पुढेच, गुडघ्यावर. शिकाऊ इनलाइनला ब्रेक टाचेला. तो लावायला पाय पुढे सरकवून बोटं उचलायची, आणि नवखं पोरगं नेमकं तेव्हाच घाबरून कंबर मागे टाकतं. पाय पुढे, वजन मागे, खाली काँक्रीट. आणि स्पीडच्या इनलाइनला तर ब्रेकच नसतो. त्यामुळे क्वाडवरून इनलाइनवर जाणाऱ्या मुलांचे पहिले दोन-तीन महिने माकडहाडाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, आणि सर जे घसा फोडून ओरडत असतात "गुडघे वाक, खाली बस, पुढे बघ", ती नुसती स्पीडची पोझिशन नाहीये, तो माकडहाडाचा विमा आहे. गुडघे वाकलेले असतील तर पडायचं अंतर कमी होतं, आणि तोल जातोय कळल्यावर अंग वळवून एका कुल्ल्याच्या मांसल बाजूवर पडता येतं.

गुडघ्याचं दुखणं मात्र पडण्यापेक्षा न पडता जास्त होतं, आणि ते गेल्या वीसेक वर्षांत वाढत गेलंय. नव्वदीत स्पीडच्या स्केटला ८० मिलिमीटरची पाच चाकं असायची, मग चार चाकं १००ची, मग ११०ची, आणि २०१६च्या आसपास १२५ मिलिमीटरची तीन चाकं. चाक मोठं तर पाय जमिनीपासून उंच, घोटा आत कलला की गुडघाही आत कलतो, आणि बूट कमी उंचीचा असल्यामुळे त्याला धरायला काही नाही. चाक अडकलं तर चाकं बसवलेली लांब फ्रेम पायाला पकडून ठेवते आणि वरचं शरीर फिरतं, पीळ बसतो तो गुडघ्याच्या लिगामेंटला. तिथे पॅडचा काय उपयोग? शून्य. पॅड गुडघ्याच्या हाडाच्या वाटीला आणि कातडीला सांभाळतं, पिळाला नाही. वरून ट्रॅकवर सगळे राउंड एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, म्हणजे दोन्ही पायांना काम वेगळं आणि वर्षानुवर्षं तेच. जे सर सरावात अर्धा वेळ उलट राउंड मारायला लावतात त्यांना पालक विचारतात स्पर्धेत असं असतं का. नसतं. म्हणूनच लावतात.

मुलांमध्ये आणखी एक आहे. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या सुरुवातीला टेंगूळ येतं, दाबलं की पोरगं ओरडतं, आणि वय साधारण दहा ते पंधरा. १९०३ साली एक अमेरिकन आणि एक स्विस सर्जन, दोघांनी वेगवेगळं याचं वर्णन केलं आणि दोघांचं नाव जोडून ते ऑस्गूड-श्लॅटर झालं. हाड वाढतंय, मांडीचा स्नायू त्या वाढत्या जागेला ओढतोय, एवढंच. भार कमी केला, मांडीचे स्नायू मोकळे आणि मजबूत केले की वाढ संपेपर्यंत बहुतेक वेळा शांत होतं. पण भार कमी कोण करणार? शालेय स्पर्धा तोंडावर, दहावीचे ग्रेस मार्क डोक्यात, पहाटे साडेपाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव आणि संध्याकाळी परत ट्रॅक. वर मधली काही वर्षं लिंबोचं वेड आलं, नागपूर, बेंगळुरू, बेळगाव, सहा-सात वर्षांची मुलं पूर्ण स्प्लिट टाकून रांगेतल्या गाड्यांखालून, कौतुकाचे फोटो. त्या पोझिशनमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवर किती ताण येतो हे फोटोत दिसत नाही. स्पीड स्केटिंगला मान मिळाला याचा आनंद आहेच, हांगझोच्या एशियाडमध्ये २०२३ साली ३००० मीटर रिलेत मुलींनी आणि मुलांनी दोन्ही ब्राँझ आणली, मुलांच्या टीममध्ये दोन मराठी आडनावं होती, त्यानंतर क्लासेस भरून वाहिले. पण त्यांच्यासारखं दिसायचं म्हणून पाचवीतलं पोरगंही पॅड काढून पळायला लागलं, आणि "पॅडने स्पीड जातो" म्हणणारे सर आहेतच.

लागल्यावर काय करायचं, यातही मतं फिरत राहिली. १९७८ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच हा फॉर्म्युला दिला, जगभर पाठ झाला, आणि २०१४ साली त्याच डॉक्टरने स्वतः लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं. आता पहिले एक-दोन दिवस दुखणं कमी करण्यापुरता बर्फ आणि मग लवकर हळूहळू हालचाल, असा सूर आहे. गुडघा लगेच फुगला, लॉक झाला, "कट्" आवाज आला किंवा पाय टेकवेना, तर घरी थांबायचं नाही. माकडहाडाला प्लास्टर घालता येत नाही, मुका मार असेल तर काही आठवडे, मोडलं असेल तर दोन-तीन महिने जातात, आणि बहुतेक जण ऑपरेशनशिवाय बरे होतात. मेडिकलमध्ये मिळते ती गोल हवेची रिंग अनेकांना चालते, पण बऱ्याच जणांना मागे खाच असलेली उतरती उशी जास्त सोयीची पडते, बसताना थोडं पुढे झुकायचं, आणि पोट साफ राहील असं खायचं, हे सांगायला लोक लाजतात पण सगळ्यात जास्त कळ तिथेच निघते. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला तर ते माकडहाडाचं दुखणं समजून बसायचं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल.

पिशवीतली रिकामी जागा भरायला सुरुवात झाली ती बाहेरून. २००१ नंतर टेक्सासमध्ये बायकांनी रोलर डर्बी नव्याने उभी केली, धक्काबुक्कीचा खेळ, त्यात गुडघ्याचे जाड पॅड सक्तीचे आणि दोन्ही गुडघ्यांवर पडायचं हे आधी शिकायचं, मग खेळायचं. मागे फोम असलेल्या शॉर्ट्स सक्तीच्या नव्हत्या पण बऱ्याच जणी घालायच्या. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मोठ्या माणसांनी क्वाड विकत घेतले आणि त्या शॉर्ट्सना गिऱ्हाईक मिळालं, कारण पस्तिशीतला माणूस एकदा माकडहाडावर पडला की दुसऱ्यांदा पैसे मोजायला तयार असतो. लहान मुलांच्या मापाच्या मात्र आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत. आमच्या पार्किंगमधल्या एका आईने जुन्या योगा मॅटचे दोन थर कापून मुलीच्या सायकलिंग शॉर्टमध्ये आतून शिवलेत, मधोमध खाच ठेवून. पोरगी बदकासारखी चालते, बाकीची हसतात, आणि मागच्या रविवारी आणखी दोघींनी तिला विचारलं की मॅट किती जाडीची घेतलीस.