शाफ्टचे फेरे मोजायचे, की दोन ठोक्यांमधला वेळ?

ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डावरचा काटा इंजिनाचे फेरे दाखवतो. मागे जोडलेल्या मळणी यंत्राचा ड्रम किती वेगाने फिरतोय, हे त्याला कळत नाही. मध्ये पट्टा असेल तर भार वाढला की तो घसरतो. इंजिन जिथल्या तिथे आणि ड्रम मात्र मंदावलेला. ड्रम मंद झाला की दाणे कणसातच राहतात, जास्त वेगात गेला तर दाणा फुटतो. म्हणून फेरे मोजायचे ते प्रत्यक्ष काम करणाऱ्या शाफ्टवरच.

त्यासाठी लागतं फार थोडं: शाफ्टवर एक लहान चुंबक, त्याच्यासमोर काही मिलिमीटर अंतरावर हॉल सेन्सर आणि एक साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक. वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की तिच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज निर्माण होतं, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं. आजचा सेन्सर हाच परिणाम वापरतो आणि चुंबक समोरून गेलं की एक ठोका, म्हणजे पल्स, देतो. प्रकाशावर चालणारे सेन्सरही मिळतात, पण भुसा आणि धुळीत ते लवकर आंधळे होतात. चुंबकाला धुळीचं काही वाटत नाही.

खरी गंमत यानंतर सुरू होते. सगळ्यांना आधी सुचतं ते असं: एका सेकंदात किती ठोके आले ते मोजा आणि ६० ने गुणा. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टची, म्हणजे मागच्या यंत्राला इंजिनाची ताकद पुरवणाऱ्या शाफ्टची, एक प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे आहे, म्हणजे सेकंदाला फक्त ९ ठोके. मोजणी एका ठोक्याने इकडेतिकडे झाली की उत्तर थेट ६० फेऱ्यांनी बदलतं. अशा मोजणीत पट्ट्याची घसरण काय दिसणार?

म्हणून प्रश्न उलटा करायचा. ठोके मोजण्याऐवजी दोन ठोक्यांमधला वेळ मोजायचा. ५४० च्या गतीला हा वेळ साधारण १,११,१११ मायक्रोसेकंद भरतो. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने वाचता येतं. एका पायरीची चूक धरली, तरी गतीत फरक पडतो एका फेऱ्याच्या सुमारे पन्नासाव्या भागाचा! सेन्सर तोच, चुंबक तेच. दातेरी चाकावरून सेकंदाला हजारो ठोके येत असतील, तर मात्र सरळ मोजणीही पुरते.

या पद्धतीची एक खोड आहे. ड्रम अडकून जागच्या जागी थांबला तर पुढचा ठोका येतच नाही, आणि पडद्यावर आधीचे ५४० तसेच राहतात. तोडगा सोपा आहे. शेवटच्या ठोक्यानंतर अर्धा सेकंद गेला आणि नवा ठोका नाही, म्हणजे गती आता १२० पेक्षा जास्त असूच शकत नाही. एक सेकंद गेला तर ६० पेक्षा नाही. वाट पाहता पाहता आकडा खाली आणत न्यायचा आणि ठरावीक वेळेनंतर शून्य दाखवायचं. उलट, आल्टरनेटर किंवा स्पार्क प्लगच्या विद्युत गोंगाटामुळे खोटे ठोकेही येतात. शाफ्ट १५०० च्या वर जाणारच नसेल, तर ४० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा ठोका बेलाशक फेकून द्यावा.

चुंबक बसवताना लोक गोंदावर फार विसंबतात. अक्षापासून १० सेंटिमीटरवर बसवलेल्या चुंबकावर १००० फेऱ्यांच्या गतीला स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त ओढ येते. ५ ग्रॅमचं चुंबक अर्ध्या किलोहून जास्त जोर लावतं. त्याला क्लॅम्पने आवळून बसवावं, तेही इंजिन बंद करून, आणि काम झाल्यावर शाफ्टचं संरक्षक आवरण पुन्हा जागेवर घालून.

एकाऐवजी चार चुंबकं लावली तर आकडा चौपट लवकर बदलेल, हे खरं. पण मग तो सारखा थरथरताना दिसतो. पहिला संशय चुंबकांमधल्या असमान अंतरावर जातो आणि बहुतेकदा तो बरोबर असतो: अशा वेळी प्रत्येक चुंबकाचा वेळ त्याच चुंबकाच्या मागच्या ठोक्यापासून मोजला की थरथर जाते. पण पीटीओच्या युनिव्हर्सल जॉइंटपलीकडच्या (कोनात असलेले दोन शाफ्ट जोडणाऱ्या सांध्यापलीकडच्या) शाफ्टवर ती थरथर खरीही असू शकते. जॉइंट तिरका असला की पुढचा शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. एकाच जॉइंटला २० अंशांचा कोन असेल, तर ५४० ची सरासरी कायम राहूनही क्षणाक्षणाची गती सुमारे ५०७ ते ५७५ च्या मध्ये झुलते. म्हणूनच दोन्ही टोकांना समान कोनाचे जॉइंट, मधल्या शाफ्टवरची त्यांची दुशाखी टोकं एका रेषेत, असे जोडतात. एकाची चढउतार दुसरा खोडून काढतो. एका चुंबकाच्या मोजणीत हे झुलणं कधीच दिसणार नाही, कारण ती फक्त पूर्ण फेऱ्याचा वेळ पाहते. चालकाला एक स्थिर आकडा हवा असेल, तर एक चुंबक पुरे. जॉइंट का तुटतात याचा शोध घ्यायचा असेल, तर जास्त चुंबकं लावावीत, त्यांच्यातली अंतरं आधी नीट मोजून घ्यावीत आणि सरासरी न काढता प्रत्येक ठोक्याची वेळ नोंदवून ठेवावी.