फायटेज हार्मोन नाही, साधं विकर आहे

'कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज घालतात, म्हणजे लवकर फुगवायचं हार्मोनच ते!' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. नावच जरा औषधी वाटतं, त्याला काय करणार!

फायटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. मका, सोयाबीनमधला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या रेणूत अडकलेला असतो. एका कड्याला सहा फॉस्फेट चिकटलेले, असं त्याचं रूप. ते सोडवण्याइतकं फायटेज कोंबडी आणि डुकराच्या आतड्यात तयार होत नाही. गाई-म्हशींचं तसं नाही, त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीवच हे काम करतात. कोंबडीच्या बाबतीत मात्र फॉस्फरस विष्ठेवाटे वाया जातो, पुढे तळ्यात पोहोचून शेवाळ माजवतो. वर खाद्यात खनिज फॉस्फेट वेगळं मिसळावं लागतं ते लागतंच.

बाजारात पहिलं फायटेज १९९१ च्या सुमारास आलं, अस्परजिलस नायजर या बुरशीपासून. पुढे ई. कोलाय जिवाणूच्या जनुकावरून बनवलेलीही आली. (ई. कोलाय म्हटलं की लोक दचकतात. पण घेतलंय फक्त जनुक, विकर तयार होतं यीस्टसारख्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवात.)

किलोभर खाद्यात नेहमीची मात्रा ५०० एककांच्या आसपास. विकर हे प्रथिनच, त्यामुळे काम झालं की इतर प्रथिनांसारखं पचतं. वजन वाढलंच, तर ते अडकलेलं पोषण मोकळं झाल्यामुळे. खरी अडचण वेगळीच आहे: गोळी खाद्य बनवताना वाफेच्या उष्णतेनं ते निकामी होऊ शकतं. म्हणून त्यावर लेप देतात, नाहीतर गोळ्या थंड झाल्यावर द्रवरूपात फवारतात.